वरचा हिसका

मिस्त्रीला एक खोड होती. नट असो, बोल्ट असो नाहीतर ऑइलचं बूच, ते पुरतं आवळून झालं की पाना काढायच्या आधी तो आणखी एक हिसका द्यायचा. "हा वरचा," असं म्हणायचा आणि मगच हात पुसायचा. गिऱ्हाइकं आधी पाठीमागे आणि मग तोंडावरच त्याला हिसकेमिस्त्री म्हणू लागली. त्याला ते नाव एखाद्या पदवीसारखं वाटायचं. त्याच्या हातची गाडी गळत नसे, हे खरं. त्याच्या हातचा नट पुढच्या माणसाला सुटत नसे, हेही तितकंच खरं. पण पुढचा माणूस बहुतेक वेळा तोच असायचा, तेव्हा तक्रार करणार कोण?

गॅरेज दोघा भावांचं. वडील गेले तेव्हा धाकटा शाळेत होता. मिस्त्रीनंच त्याला वाढवलं, पाना धरायला शिकवलं, वेळप्रसंगी कानही पिळले. धाकटा हाताशी आल्यावर त्यानं एक नव्या तऱ्हेचा पाना विकत आणला. हवा तेवढा जोर आधी ठरवून द्यायचा. तेवढा लागला की पाना हातातल्या हातात टक् वाजतो, म्हणजे बास, थांबा. मिस्त्रीनं त्याची यथेच्छ टर उडवली.

"पान्याला विचारून नट आवळणार का आता? उद्या चमच्याला विचारून जेवशील."

धाकटा हसला. पाना त्यानं खिळ्याला टांगला आणि स्वतःपुरता वापरत राहिला.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मिस्त्रीच्या हातून चहाचा कप सुटला. कप उचलायला वाकला तो खालीच बसला. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. थोडक्यात निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. पाय सुधारला, जीभही वळायला लागली. उजवा हात मात्र अर्धाच परत आला. धरलेली वस्तू तो थोडा वेळ नीट धरायचा आणि मग मिस्त्रीला न विचारता सोडून द्यायचा. शर्टाची बटणं बायको लावू लागली.

"अहो, मान वर करा जरा."

"लहानपणी आई लावायची, आता तू. मधे मी उगाचच शिकलो म्हणायचं."

बायको हसली नाही. "आज गॅरेजात नुसते बसून राहा. भावजी म्हणतच होते."

"बसायला मी काय पाहुणा आहे?"

भावजींनी, म्हणजे धाकट्यानं, गॅरेजच्या दाराशी एक घडीची लोखंडी खुर्ची आणून ठेवली होती. कुणासाठी, ते तो बोलला नव्हता. मिस्त्री तिच्यावर फडकी टाकायचा, पाने ठेवायचा, पण बूड टेकायचा नाही. एकदा बसलो की पुन्हा उठायचं कारण उरणार नाही, अशी धास्ती त्यानं घेतली होती. ती खुर्ची नुसती दिसली तरी त्याचं डोकं फिरायचं.

अशात एके दिवशी रोपवाटिकेच्या बाई जीप घेऊन आल्या. मिस्त्रीच्या आजारपणाचा त्यांना पत्ताच नव्हता.

"मिस्त्री, मागचं ऑइल बदलायचंय. तुम्हीच करा हं. मागच्या खेपेला तुम्ही केलंत, तेव्हापासून एक थेंब गळला नाही."

"मी करतो ना, बाई," धाकटा पुढे झाला.

"मी करतो," मिस्त्री म्हणाला.

"दादा..."

"मी करतो म्हटलं ना!"

बाई संध्याकाळी येते म्हणून गेल्या. धाकट्यानं जीप गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यावर घेतली आणि गाडीतून उतरून हलक्या आवाजात म्हणाला, "कर. पण दादा, आज नाही जमलं तर मग बघू." 'बघू' म्हणताना त्याची नजर दाराकडे गेली. मिस्त्रीनं ती पाहिली. आज जमलं नाही तर खुर्ची, हे दोघांनाही न बोलता कळलं.

खड्ड्यात उतरायच्या पायऱ्या तो भिंत धरून उतरला. डोक्यावर जीपचं पोट. मागच्या दोन चाकांच्या मधोमध तो लोखंडी गोळा, डिफरन्शियल. त्याला दोन बुचं असतात. वरच्यातून ऑइल भरायचं, खालच्यातून काढायचं. आधी वरचं सुटतंय का बघायचं, मगच खालच्याला हात घालायचा. नाहीतर जुनं ऑइल निघून जातं आणि नवं भरायला वाट नसते. धाकट्याला त्यानं पहिल्यांदा शिकवलं होतं ते हेच.

वरचं बूच कुरकुरत का होईना, सुटलं. मिस्त्रीला हुरूप आला. पाना त्यानं खालच्या बुचाला लावला आणि दाबला. बूच ढिम्म. पुन्हा दाबला. डाव्या हातानं जोर लावला, तर पाना घसरला आणि बोटांची सालपटं निघाली. गंज सोडवायचं तेल मारलं, थांबला, पुन्हा मारलं. बूच ऐकायला तयार नव्हतं.

हे बूच कुणी आवळलं होतं? त्यानंच. वरचा हिसकाही त्याचाच. गंज कमी, हिसकाच जास्त, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला कसनुसं झालं. तेव्हाच्या त्या माणसाचे दोन्ही हात शाबूत होते. शीळ घालत, बाईंशी गप्पा मारत त्यानं हे करकचून ठेवलं असणार. मिस्त्रीला त्याचा राग आला, आणि हेवाही वाटला.

शेवटी त्यानं पान्याच्या दांड्यात लांब पाइप घातला. पाइप लांब म्हणजे जोर कमी लागतो. दोन्ही हातांनी पाइप धरून त्यानं सगळं अंग झोकलं. आणि नेमकी त्याच वेळी उजवी मूठ उघडली. मिस्त्री खड्ड्याच्या भिंतीवर आदळला. पाना आणि पाइप फरशीवर असे खणखणले की रस्त्यावरच्या माणसानंही वळून पाहिलं असेल.

धाकटा खाली आला. लागलं का, असं त्यानं विचारलं नाही, हे त्याचे उपकारच. गॅसची नळी आणली, ज्योत पेटवली.

"बुचाला नको," मिस्त्री धापा टाकत म्हणाला. "भोवतीच्या लोखंडाला शेक दे. लोखंड फुगलं की बूच मोकळं होतं. आणि ज्योत लांब धर, ऑइल आहे आत."

"माहितीय, दादा. तूच शिकवलंयस."

शेक झाला, बुचावर हातोड्याचे चार ठोके झाले. धाकट्यानं पाइप धरला आणि अंग टाकलं. 'कट्ट' असा आवाज आला. काळं ऑइल घमेल्यात पडू लागलं आणि कुजक्या लसणासारखा वास खड्डाभर पसरला. एरवी हा वास आला की मिस्त्रीला काम मार्गी लागल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी त्यानं तोंड फिरवलं.

ऑइल निथळून संपलं. बूच पुसून, नवी वॉशर घालून धाकट्यानं ते हातात घेतलं.

"दे इकडं," मिस्त्री म्हणाला. "बसवतो मी. बाईंना सांगितलंय."

धाकट्यानं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि बूच त्याच्या तळहातावर ठेवलं.

मिस्त्रीनं आटे जुळवले. पाना लावला, डाव्या हातानं ओढला, उजव्यानं नुसता आधार दिला. बूच बसलं. मग तो थांबला, दात आवळले आणि वरचा हिसका दिला. छान बसला, असं त्याला वाटलं. अगदी पूर्वीसारखा. जीव भांड्यात पडला. नवं ऑइल भरून वरचं बूचही त्यानंच लावलं आणि भिंत धरून तो वर आला. पायऱ्या चढताना तोंडातून शीळ निघाली, तेव्हा त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

नळ मागच्या बाजूला होता. हाताला साबण चोळता चोळता त्यानं सहज वळून पाहिलं. धाकटा खिळ्यावरचा पाना काढत होता. इकडेतिकडे बघून तो खड्ड्यात उतरला.

मिस्त्रीनं नळ बंद केला.

टर उडवली म्हणून काय झालं, तो पाना कसा चालतो हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं. बूच घट्ट असेल तर पाना लावून ओढल्याबरोबर टक् वाजणार, बूच जागचं हलणारही नाही. ढिलं असेल तर आधी ते फिरणार. साबणाचे हात तसेच धरून मिस्त्री कान देऊन उभा राहिला. वाज, असं तो मनातल्या मनात म्हणाला. वाज ना.

पाना कुरकुरला. मग थांबला, धाकट्यानं तो काढून पुन्हा लावला असणार. पुन्हा कुरकुरला. आणखी एकदा. टक् वाजलं ते त्यानंतर बऱ्याच वेळानं.

म्हणजे जीप गळली असती. उद्या नाहीतर परवा, रोपवाटिकेच्या दारात, बाईंच्या डोळ्यांदेखत. मिस्त्रीनं नळ पुन्हा उघडून हात धुतले. साबण केव्हाच निघून गेला तरी धूत राहिला.

धाकटा नळाशी आला तेव्हा पाना खिळ्यावर गेलेला होता.

"बूच बघितलंस होय रे?" मिस्त्रीनं विचारलं.

"सहजच," धाकटा फडक्याला हात पुसत म्हणाला. त्यानं वर पाहिलं नाही. "चांगलं घट्ट होतं, दादा. हललंसुद्धा नाही."

"असणारच," मिस्त्री म्हणाला.

मग तो दाराशी गेला. खुर्चीवरची फडकी उचलली, पाने एकेक करून भावाच्या पेटीत ठेवले आणि बाई येईपर्यंत रस्त्याकडे तोंड करून बसला.