भिंतीबाहेरची घागर

कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या वर्षांत मी अकोटहून अकोल्याला कापसाची गाडी नेत असे. वाटेवरच्या एका गावात एक बाई सकाळी हमखास दिसायची. पदर खोचून ती विहिरीवरून घागर आणायची आणि अंगणाच्या भिंतीबाहेर, थेट रस्त्यावर रिकामी करायची. आंबा तिच्या अंगणात होता, फांद्या मात्र रस्त्यावर आलेल्या. बाकी गाव बुंध्यालाच आळं करून पाणी तुंबवायचं. हिचा बुंधा कोरडा.

रस्त्यात काळ्या मातीचा चिखल व्हायचा, चाकं रुतायची. एकदा माझ्या पुढचा गाडीवान चिडलाच. "बाई, रस्त्याले काहून पाणी पाजून राहिली?"

तिनं घागर खाली ठेवलीही नाही. "सावली सरते तिथं झाडाचं तोंड असते, भाऊ. बुंध्याशी ओतनं म्हंजे तहानेल्या मानसाचे पाय धुनं."

"पन रस्ता सरकारी हाय."

"दुपारी इथंच बैल सोडता ना तुमी? तवा नाही आठवत सरकार?"

कासरा ओढून त्यानं बैल कडेनं घेतले. मीही त्याच्याच चाकोरीतून गाडी काढली.

परतीला त्या आंब्याखाली बैल सोडले. त्यांना पाजून उरलेलं पाणी मी सावलीच्या कडेला ओतलं.