रिकाम्या गाडीचं सस्पेन्शन

फक्त रेसच्या ट्रॅकवर पळवायची एक गाडी माझ्याकडे आहे, हे लोकांना सांगायचं मी आता सोडून दिलंय. रस्त्यावर काढायची नाही, बायकोला बाजारात न्यायची नाही, मग ठेवलीस कशाला, हा प्रश्न ठरलेला. वय पन्नाशीला आलं, कंबर धरते, तरी वर्षातून चार-पाचदा ती जुनी हॅचबॅक ट्रकाच्या पाठीवर चढवायची, चोर्ल्याचा घाट ओलांडायचा, दिवसभर गोल गोल फिरायचं आणि थकून परत यायचं. खुळेपणा म्हणा. मला उत्तरं द्यायचा कंटाळा येतो.

पण तिच्या सस्पेन्शनचं जे झालं ते सांगून टाकतो. मनात ठेवून ठेवून वीट आलाय.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, पाळी गावाच्या बाजूला खाणीच्या ट्रकांचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या वाकवलेल्या पट्ट्या, बसवायचा. आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले. बाप खाणीवर ट्रक चालवायला गोव्यात, डिचोलीला आला आणि इथलाच झाला. दादाचं गाराज रस्त्याला लागूनच. एके काळी दारात लाल मातीने माखलेल्या ट्रकांची रांग असायची. जुडग्यात एक पाटा वाढवून देणं, बसलेला पाटा ठोकून त्याची कमान परत आणणं, ह्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. खाणी बंद पडल्या, पुढे थोड्याफार सुरूही झाल्या, पण ट्रक काही त्याच्याकडे परत आले नाहीत. शेवटी तुयेच्या एका कारखान्यात गेटवर बसायचं काम त्याला सांगून आलं. महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. गाराजाला कुलूप लावायचं ह्या विचाराने त्याचं जेवण सुटलं. वहिनी मला म्हणाली, तुम्हीच काहीतरी करा, माझं ऐकत नाहीत.

नेमके तेव्हाच माझ्या गाडीचे शॉकअप गेले. ट्रॅकवरच्या मंडळींचं म्हणणं, शॉकअप-स्प्रिंगांचा तयार सेट घे, उंची आणि कडकपणा दोन्ही फिरवून बसवता येतात. मी तो पसंतही करून ठेवला होता. पण डोक्यात आलं, दादाने केलं तर? माझ्यासारखे आठ-दहा खुळे तिथे आहेत, आणि ज्याच्या हाताखालून गाडी नीट होऊन बाहेर पडेल असा माणूस प्रत्येकाला हवा असतो. माझी गाडी चांगली पळाली तर ते दादाकडे येतील आणि गाराज चालू राहील. एवढाच विचार होता.

दादाला सांगितलं तेव्हा कित्येक महिन्यांनी तो हसला. मग त्याने विचारलं, किती भरणार? दारात आलेल्या प्रत्येक गाडीला त्याचा पहिला प्रश्न हाच. खाणीच्या कामाची रीतच तशी. रिकामा ट्रक मागून वर उचललेला दिसला पाहिजे, माल पडला की सरळ बसला पाहिजे. परतीच्या रिकाम्या फेरीत ड्रायव्हरचे दात वाजले तरी कोण विचारतो!

मी म्हटलं, काही भरायचं नाही, मी एकटाच. हो हो म्हणाला आणि आपल्या मनाचंच केलं. भंगारातून एका मालवाहू टेम्पोच्या स्प्रिंगा आणल्या. ग्राइंडरने हळूहळू वेढे कापले. गॅस लावला नाही, गॅसच्या आचेने पोलादाचं पाणी उतरतं, ते मऊ पडतं. टोकं घासून सपाट केली. तीन दिवस नुसतं तेच. मला सगळं दिसत होतं. स्प्रिंग कापली की आणखी कडक होते हे मला ठाऊक होतं. मागची सीट, गालिचे, दारांची अस्तरं काढून गाडी मी कागदासारखी हलकी केली होती, आणि हलक्या गाडीखाली कडक स्प्रिंग दबतच नाही. ट्रॅकवरचे लोक एकेका चाकाखाली वजनकाटा ठेवतात, मग स्प्रिंग ठरवतात. तोंड उघडायला हवं होतं मी. पण दादा काम करताना शीळ घालत होता, काय सांगू तुम्हाला! मी बाकावर बसून चहा प्यायलो.

ट्रॅकवर पहिल्याच वळणाला कळलं. रस्ता तुळतुळीत, आणि मागची चाकं उड्या मारताहेत. ब्रेक दाबला की मागचा भाग बाजूला सरकायचा. तिसऱ्या फेरीत गाडी गर्रकन फिरली आणि गवतात जाऊन थांबली. मला काही लागलं नाही, गाडीलाही नाही. ओळखीच्या एकाने वाकून मागे पाहिलं आणि विचारलं, हे कोणी बसवलं?

मी म्हटलं, मीच.

दुसऱ्या दिवशी गाडी उतरवली तेव्हा दादा गाराजाच्या दारात उभाच होता. कशी धावली, विचारलं. बरी, मी म्हटलं. तो पोतं अंथरून गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. शॉकअपच्या दांड्यावर प्रवासाची धूळ जशीच्या तशी होती, बोटभर जागा तेवढी पुसलेली. एवढा मोठा ट्रॅक फिरून स्प्रिंग जेमतेम बोटभर दबली होती.

"खोटा कित्याक सांगतस?" तो खालूनच म्हणाला. "स्प्रिंग हाललीच नाय."

पुन्हा करूया, वजन घेऊया, महिनाअखेरीला अजून आठवडा आहे, असं मी बरंच काही बडबडलो. तो बाहेर आला, हात पुसत बसला.

"तू सांगितलं होतंस माका, एकटोच म्हणान. रिकाम्या गाडयेचा काम माका येनाच नाय रे."

रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. मला रडू आलं, आणि तो माझ्याकडे बघत नव्हता हेच काय ते बरं. त्याच दिवशी त्याने तुयेला होकार कळवला.

तयार सेट आला तेव्हा मी तो बसवून घ्यायला गाडी म्हापशाच्या एका गाराजात नेणार होतो. दादाने नेऊ दिली नाही. सुट्टीच्या दिवशी कुलूप काढलं आणि सेट स्वतः बसवला. सेटबरोबर आलेला कागद मी वाचत गेलो, तसतसे त्याने बोल्ट आवळले. एकदाही आपल्या मनाचं काही केलं नाही.

पुढच्या खेपेला गाडी अशी पळाली, की आजवर कधी पळाली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी गाराजापाशी ती ट्रकावरून उतरवत होतो, तेव्हा दादा गेटवाल्याचा निळा शर्ट घालून बसची वाट बघत रस्त्यावर उभा होता. कशी धावली, त्याने विचारलं.

बरी, मी म्हटलं.

ह्या वेळी तो खाली वाकला नाही. बस आली आणि तो चढला.