घोटीवकाकांचा शोषखड्डा

चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाने म्हातारपणी कारखान्यातून तयार घर मागवावं, याला काय म्हणायचं? पण घोटीवकाकांनी मागवलं. त्यांनी घोटलेल्या भिंतीवर पाल चढेल तर शपथ, म्हणून सगळा डोंगर त्यांना घोटीवकाका म्हणायचा. आता खांदा वर जात नव्हता. हे घर दोन तुकड्यांत ट्रकवरून येणार, पायावर ठेवायचं, बोल्ट आवळायचे, की झालं. त्याचं चित्र बघून काकूंनी एवढंच विचारलं होतं, "एकही पायरी नाही ना? मग मी येते."

काकू म्हणजे त्यांची बायको. दोन वर्षांपूर्वी मांडीचं हाड मोडलं, काकांची भाड्याची खोली वरच्या मजल्यावर, तेव्हापासून काकू खाली शहरात बहिणीकडे. रोज फोन व्हायचा. "जेवलात?" "जेवलो." पुढे दोघंही गप्प. काकांना फोनवर बोलायला कधी जमलंच नाही.

कागदांच्या बाबतीत मात्र काकांनी कमाल केली हो. उताराचा नकाशा, पायाचं चित्र, शेजाऱ्याची ना हरकत, ट्रक वळेल एवढा रस्ता असल्याचा दाखला, सगळं फाइलीत, कोपऱ्याला कोपरा जुळवून. राहिला फक्त शोषखड्डा. घरातलं सांडपाणी जमिनीत मुरतं का, ते बघायला कार्यालयातल्या इंजिनिअरबाई येणार होत्या. मांडीइतका खोल खड्डा खणायचा, आदल्या दिवशी भिजवायचा, मग पाणी भरायचं. अर्ध्या तासात चार बोटं उतरलं की परवाना. नाही उतरलं तर नवे नकाशे, नवा अर्ज. आणि महिन्याभरात बर्फाने घाटरस्ता बंद. म्हणजे काकू पुढच्या उन्हाळ्यापर्यंत खालीच.

पहिल्या खेपेला पाणी अर्धं बोटसुद्धा उतरलं नाही.

"जमीन चिकट दिसते, काका," बाई म्हणाल्या. वयाने लहान, पण बोलणं मऊ. "दहा पावलं वर दुसरा खड्डा घ्या. मंगळवारी येते. तेव्हाही असंच झालं तर मात्र मला तसंच लिहावं लागेल."

काकांनी त्या जमिनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि दुसरा खड्डा खणला. एकट्याने, दोन दिवस, खांदा दुखत असताना.

मंगळवारी काकू बसने वर आल्या. घरी बसून जीव थाऱ्यावर राहीना, म्हणून. बाईंनी पाणी भरलं, खुणांची काठी उभी केली. वीस मिनिटं झाली तरी पाणी आपलं ढिम्म. काकांचा चेहरा उतरला. काकू काठी टेकत खड्ड्याशी आल्या, स्टुलावर बसल्या, वाकून आत हात घातला.

"अहो! भिंतीवर थापी फिरवलीत?"

"मग? बाई बघायला येणार, खडबडीत ठेवू?"

बाईंनीही हात घातला आणि त्यांना हसू आवरेना. "काका, ओली माती घोटली की तिची भोकं बुजतात. पाणी जाणार कुठून? हा खड्डा नाही, हौद केलात तुम्ही! पहिलाही असाच होता का?"

"त्याच्यावर तर जास्त मेहनत घेतली होती," काका पुटपुटले.

"मी वरच्या वस्तीवरचं काम उरकून तीनला येते. तोवर पाणी उपसा, भिंती खरवडा, परत भिजवून ठेवा."

काकांनी लोखंडी दाताळं घेतलं. एक बाजू खरवडली, आणि लगेच त्यांचा तळवा त्याच जागेवरून मायेने फिरला. सवय हो, दुसरं काय! काकूंनी ते बघितलं मात्र, दाताळं हिसकावूनच घेतलं. "जन्मभर लोकांच्या भिंती नटवल्यात, आता हात मागे बांधून बसा." आणि स्टुलावरूनच त्यांनी चारही बाजू अशा ओरबाडल्या की काकांना बघवेना.

तीनला बाई आल्या. पाणी भरलं, काठी रोवली. काका काठीकडे बघायला तयार नाहीत. समोरच्या डोंगराकडे तोंड करून उभे राहिले, आणि अचानक बाईंच्या देखत बोलून गेले, "मला तुझ्यावाचून करमत नाही गं. अजिबात करमत नाही. हे नाही झालं तर मी काय करू?"

काकू म्हणाल्या, "मला तरी कुठे करमतंय. पाणी बघा आधी."

दोन बोटं उतरलं होतं. मग तीन. अर्धा तास झाला तेव्हा पाच भरली. बाईंनी दोनदा मोजलं, कागदावर लिहिलं, सही केली. "ट्रक बोलवा, काका."

काका कागद घेऊन खड्ड्याच्या काठावर बसले आणि लहान मुलासारखे ढसाढसा रडू लागले. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"पुरे हो," त्या म्हणाल्या. "खड्डा परत भरेल."