दिव्याचं कौतुक

आमच्या टॉवेलच्या कारखान्याचा एक टेम्पो संध्याकाळी बायकांना आमच्या गावी, कुंभारीला सोडायचा. शिलाईवाल्या सुटल्या की तो निघायचा. मी पॅकिंगला. आम्ही त्यानंतर सुटायचो, म्हणून मी सायकलवर. हिवाळ्यात तोवर चांगलंच अंधारून येतं आणि नेमक्या त्याच दिवसांत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. एकदा एक ट्रॉली इतकी खेटून गेली, की बाहेर लोंबणाऱ्या उसात ओढणी अडकली आणि मी सायकलसकट रस्त्याकडेच्या चारीत पडले. पुढं टपरीवर त्या ट्रॅक्टरवाल्याला गाठलं, तर म्हणाला, "दिसलाच न्हाय की तुमी!"

विकतचा दिवा मी आधी आणला होता, तो पहिल्याच खड्ड्यात निखळला. म्हणून मग स्वतःच केला. घरात चार्जिंगचा एक मोडका टॉर्च पडला होता. त्याचं काचेचं तोंड आणि आतली चांदीसारखी वाटी चांगली होती. नवऱ्याच्या बंद पडलेल्या मोबाइलची बॅटरी त्याला जोडली, तारा पिळून चिकटपट्टीनं गुंडाळल्या. सगळं पावडरच्या रिकाम्या डब्यात बसवलं आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी हॅन्डलला करकचून बांधलं. मागं एक छोटा दिवा, त्यावर लाल प्लास्टिकचा तुकडा. पहिल्या संध्याकाळी समोरच्या मोटारसायकलवाल्यानं आपला दिवा खाली केला, तेव्हा मला हसूच फुटलं. मी त्याला दिसले होते.

पॅकिंगमधल्या आणखी दोघी सायकलवर यायच्या. त्यांनाही करून दिले. ते सुपरवायझरनं पाहिलं, मालकाच्या कानावर घातलं. मालक स्वतः खाली आले. दिवा हातात घेऊन, उलटासुलटा करून पाहिला. "वा! हुशार आहात की!" म्हणाले. फाटकाशी आम्हा तिघींना सायकली घेऊन उभं केलं, मध्ये ते. फोटो पेपरात आला. खाली लिहिलं होतं, स्वावलंबी महिला. नवऱ्यानं तो कापून कपाटाला चिकटवला.

पुढच्याच आठवड्यात टेम्पो बंद झाला.

सुपरवायझर शिलाईवाल्यांना सांगत होता, "पॅकिंगच्या बाया सायकलवर येत्यात, लाईट करत्यात. तुमाला काय झालं? शिका की जरा!"

शिलाईत आमच्या गल्लीतल्या एक आक्का होत्या. वयानं आईच्या जागी. कारखान्यात मला त्यांनीच लावलं होतं. गुडघे गेलेले, सायकल जन्मात चालवली नव्हती. फाटकात त्यांनी मला गाठलं.

"लई हुशार गं तू," म्हणाल्या. "तुज्या दिव्यानं आमचा टेम्पो गिळला की."

"आक्का, मी कुठं टेम्पो बंद करा म्हटलं?"

"तू न्हाय म्हटलीस. पर फोटोत हसत होतीस."

मी तशीच मालकांकडं गेले. म्हटलं, "साहेब, टेम्पो सुरू करा. दिवा मी नाइलाजानं केलाय." त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, "अहो, तुमचंच तर आम्ही कौतुक केलं!" टेम्पोचं विचारलं तर फोन उचलला. चहा येईपर्यंत मी थांबले नाही.

आक्का काही दिवस शेअर रिक्षानं आल्या. फाटकापासून नाक्यापर्यंत चालताना मध्येच कठड्यावर टेकायच्या. मग एकदा आल्याच नाहीत. आता घरी विड्या वळतात. टेम्पो अजून आहे, त्यातनं स्टेशनला गठ्ठे जातात.

मी तिथंच कामाला आहे. सोडून परवडणार नाही. मालकांनी तो फोटो ऑफिसात फ्रेम करून लावलाय. बाहेरची माणसं आली की ते बोट करून दाखवतात, आणि मी आसपास असले तर हाक मारतात. मी जाऊन उभी राहते. गल्लीत आक्का दारात बसलेल्या असतात. मी "आक्का" म्हणते. त्या सुपातलं पान उचलतात, कात्रीनं कापतात, मान वर करत नाहीत.