बिनलसणाचं वरण

माझ्या वडिलांच्या आतड्यातले जंतू उपाशी आहेत, असं डॉक्टरांनी मला सांगितलं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

उन्हाळ्यात बाबांना न्यूमोनिया झाला. अँटिबायोटिक्सनी छाती सुधारली, पोट मात्र पार बिघडलं. दोन घास खाल्ले की ताट सरकवायचे. वजन उतरत चाललं. डॉक्टर म्हणाले, औषधांनी वाईट जंतूंबरोबर आतड्यातले चांगले जंतूही मारले असतील. कांद्या-लसणातला जो भाग आपल्याला पचत नाही, तेच त्यांचं जेवण. "लसूण म्हणजे काही जादू नाही," हेही ते म्हणाले, "पण यांच्या रोजच्या जेवणात जे होतं ते सगळं परत सुरू करा. आधी हे जेवले पाहिजेत."

एवढं सोपं होतं. बाबांना जन्मभर लसणाशिवाय घास उतरला नाही. पण नेमका आषाढ आला आणि बाबांनी चातुर्मास धरला. चार महिने कांदा-लसूण बंद!

चातुर्मास खरं तर आईचा. कांदेनवमीला ती सगळ्यांना पोटभर भजी आणि भरीत खाऊ घालायची आणि एकादशीपासून घरात लसणाची पाकळीही येऊ द्यायची नाही. बाबा तिला हमखास फसवायचे. स्कूटर काढून महाल भागातल्या टपरीवर जायचे, लसणाची झणझणीत तर्री ओतलेले पोहे हाणायचे आणि बडीशेप चघळत साळसूदपणे परत यायचे. आई दारातच वास ओळखायची. मग जे भांडण व्हायचं, ते प्रताप नगरातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ होतं.

आई मागच्या हिवाळ्यात गेली. आणि ती असताना जो नियम दरवर्षी मोडला, तो हा माणूस आता पाळत होता! कोणासमोर डोकं आपटावं?

मी समजावलं. मोबाइलवर आतड्याची चित्रं दाखवली. "बाबा, त्या जंतूंना चातुर्मास नसतो."

"मंग त्यायले दुसरं काही दे," बाबा म्हणाले.

शेवटी मी वरणात लसूण अगदी बारीक वाटून घातला. पहिल्याच घासाला ताट सरकलं. माझा तोल गेला.

"आई होती तेव्हा एक चातुर्मास धड पाळला नाही! आता काहून पाळून राहिले? आता कोण रागावणार आहे तुम्हाला?"

"तेच तं," बाबा ताटाकडे पाहत म्हणाले. "कोणीच नाही रागवत. मंग खाऊन काय करू वं?"

मी ताट उचललं, ओट्यापाशी जाऊन रडले. मग पुन्हा चिडले. एवढंच होतं तर आधी बोलायला काय झालं होतं? महिनाभर मी त्या जंतूंच्या मागे लागले होते.

दुसऱ्या दिवशी मी खलबत्त्यात लसणाची चटणी कुटली. घरभर वास सुटला. बरणी त्यांच्या डोळ्यांसमोर फडताळात ठेवली आणि आईसारखाच आवाज लावून बजावलं, "ही माझी आहे. तुमचा चातुर्मास आहे. खबरदार हात लावला तर!"

बाबांनी पेपरातून मान वर केली नाही. दोन-तीन दिवस बरणी होती तशीच राहिली.

मग एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले, तर बाबा दारात उभे. तोंडात बडीशेप. वास तरीही फाटकापर्यंत येत होता. आत जाऊन पाहिलं, तर बरणीचं झाकण वाकडं बसलेलं आणि सकाळी झाकून ठेवलेल्या भाकरींपैकी एकही शिल्लक नव्हती.

मी पर्स आपटली आणि गल्लीला ऐकू जाईल अशी सुरू झाले. "लाज नाही वाटत? चातुर्मासात?"

"म्या कुठं खाल्ली वं," बाबा म्हणाले. तोंड फिरवून ते हसत होते.

मी आवाज आणखी चढवला.