डोहात सोडलेला करंट

आमच्या मळ्याखालच्या डोहावर एक पाटी आहे. करंट लावून, विषारी औषध टाकून किंवा जिलेटिन उडवून मासे मारण्यास सक्त मनाई. ही पाटी माझ्या थोरल्या भावानेच ग्रामपंचायतीत भांडून लावून घेतली. मेंबर आहे तो. ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणाऱ्या शेजारगावच्या दोघांना त्याने चारचौघांत असं झापलं होतं, की मलाच त्यांची कीव आली.

त्यामुळे त्या दुपारी मळ्यात गेलो आणि आमच्याच मोटरीची वायर डोहात सोडलेली दिसली, तेव्हा माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. पाण्यावर मासे उताणे पडले होते, बोटाएवढी पिल्लंसुद्धा. आणि काठावर पँट दुमडून, हातात पिशवी घेऊन हे मेंबरसाहेब.

"घर पाहुना येल शेतस," तो म्हणाला. जणू पाहुण्यांना कायदा माफ असतो.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारच्या मळ्यातली मोटर बंद पडली. लाईट गेली होती.

"लाईट गयी. आते काय भेव शे?" म्हणत तो पाण्यात उतरलासुद्धा.

आमच्या स्टार्टरला ऑटो लावलेला होता. लाईट आली की कोणी बटण न दाबता मोटर आपोआप चालू होते आणि त्या वायरीतही करंट येतो. "भाऊ, बाहेर ये," मी ओरडलो. त्याला वाटलं, मी पाटीवरचंच ऐकवतोय. हसला आणि आणखी पुढे गेला. मी स्टार्टरच्या पेटीकडे धावलो आणि मेन स्विच खाली ओढला. परत काठाशी येतो न येतो तोच शेजारची मोटर घरघरली. लाईट आली होती. भाऊ कमरेएवढ्या पाण्यात मासा धरून उभा होता.

तो बाहेर आल्याबरोबर मी त्याच्या थोबाडीत दिली. ज्याच्यासमोर मी आजवर तंबाखूही मळली नाही, त्याच्या.

"अक्कल गहाण ठेवली का रे? वहिनीला काय तोंड दाखवलं असतं मी?"

तो गाल चोळत खाली बसला. पेटीकडे बघत त्याने हळूच विचारलं, "हाऊ ऑटो कव्हय बसाडा रे?"

माझा हात अजून झणझणत होता.

"सोमवारले," मी म्हणालो. "तुले सांगानं राही गयं."