निम्मं त्याचं, निम्मं तिचं शिकवणाऱ्या कांबळेबाई

कांबळेबाई रेणापूरच्या आमच्या कॉलेजात रुजू झाल्या, त्याच दिवशी मी त्यांचा प्रयोग बुडवला. मी सोपान, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला शिपाई. बाईंचा आधीच निरोप आला होता, की पाण्याच्या ग्लासांवर कांदे ठेवून त्यांना मुळ्या फुटू द्या. मी ठेवले. पण त्या येणार त्या सकाळी वाटलं, नव्या बाईंसमोर हे दाढी वाढलेले कांदे कसे न्यायचे? सगळ्या मुळ्या कापल्या, कांदे पुसून ट्रेमध्ये ओळीनं मांडले. बाईंनी ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पोट धरून हसल्या. मुळीच्या टोकालाच तर पेशी एकीच्या दोन होत असतात आणि मुलांना तेच दाखवायचं होतं, हे मला मागून कळलं. राग मात्र मलाच आला होता.

तो राग टिकला नाही. मी काचा पुशीत मागे उभा राहायचो आणि बाईंचं शिकवणं कानावर पडत राहायचं. जुना स्वेटर उसवून त्यांनी लोकरीचे धागे केले होते. लांबीला सारख्या आठ जोड्या, प्रत्येक जोडीत एक लाल, एक पांढरा. कांद्याच्या साध्या पेशीत अशी सोळा गुणसूत्रं असतात, म्हणायच्या. मूळ वाढताना पेशी आधी सोळांची नक्कल काढते, म्हणून दोन्ही पेशींना सोळा-सोळा मिळतात. परागकण किंवा अंडपेशी व्हायची तर प्रत्येक जोडीतला एकच धागा जातो, लाल की पांढरा ते नशीब. म्हणजे आठच. मग दोन्हीकडचे आठ-आठ एकत्र आले, की पुन्हा सोळा. शुक्रपेशी, अंडपेशी, फलन हे शब्द त्या हजेरी घेतात त्याच आवाजात उच्चारायच्या. सुरुवातीला पोरं खाली मान घालून हसायची. आठवड्यात हसणं बंद झालं.

लातूर तेव्हा नुकताच नवा जिल्हा झाला होता. सहीशिक्क्यासाठी उस्मानाबादची एसटी धरायची दगदग गेली म्हणून आम्ही खूश होतो, आणि तेवढ्यात दुष्काळानं गाठलं. बाईंनी नियम केला, की रंगाचं पाणी सोडून हात धुतलेलं, भांडी विसळलेलं सगळं पाणी प्रयोगशाळेमागच्या भोपळ्याच्या वेलाला जाईल. वेल माझ्या ताब्यात होता. आमच्याकडं ज्या फुलामागं इवलासा भोपळा नसतो, त्याला वांझ फूल म्हणतात. एवढ्या पाणीटंचाईत ती फुलं कशाला पोसायची, म्हणून मी रोज वेचून तोडत होतो. इवले भोपळे पिवळे पडून गळू लागले. वेलच खराब, असं मी बाईंना सांगितलं.

कोपऱ्यातला फुलांचा ढीग बाईंनी पाहिला. त्या रागावल्या नाहीत. शेजारच्या वेलावरून तसलंच एक फूल आणवलं, वर्गासमोर त्याच्या पाकळ्या सोलल्या आणि आतला पिवळा पराग मादी फुलात टेकवला. "हे नर फूल आहे, सोपानराव," त्या म्हणाल्या. "यानं आपलं निम्मं दिलं नाही, तर तिनं एकटीनं काय करावं?"

पोरं हसली. मला हसू येईना. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. माझी आई रोज चंद्रकलेला, म्हणजे माझ्या बायकोला, त्याच 'वांझ' शब्दानं हाक मारायची. "दुसरी बघायलेय मी," असं तिनं मला सांगितलंही होतं, आणि मी गप्प बसलो होतो. येत्या शुक्रवारी मुलगी बघायला जायचं ठरलं होतं.

वर्ग सुटल्यावर मी सगळं बाईंना सांगून टाकलं. तपासणी दोघांची, आणि आधी तुमची, एवढंच त्या बोलल्या. दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या स्वतः आमच्याबरोबर लातूरच्या एसटीत बसल्या. चंद्रकलेच्या शेजारी बसून त्यांनी लोकरीचे धागे मांडीवर पसरले आणि वर्गातल्याच आवाजात शिकवायला लागल्या. सगळी गाडी ऐकत होती. कंडक्टर तिकीट फाडायचं विसरून दांडीला धरून उभा. मला खिडकीतून उडी टाकावीशी वाटत होती. चंद्रकला मात्र धागे हातात घेऊन प्रश्न विचारत होती.

डॉक्टरांचा कागद आला. चंद्रकलेत काही दोष नव्हता. माझ्यात शुक्रपेशी जवळजवळ नव्हत्याच. तो कागद मी दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. शुक्रवारी सकाळी बाईंनी विचारलं, "कागद आईला दाखवलात?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी माझ्या हातातली प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली आणि मला घरी पाठवलं.

आई नवं लुगडं नेसून तयार होती. दोष माझ्यात हाय, तिच्यात न्हाई, असं मी तिला उभ्या उभ्याच सांगितलं. आयुष्यात तेवढं अवघड वाक्य मी दुसरं बोललो नाही. आईनं नवं लुगडं उतरवून रोजचं नेसलं, आणि तो शब्द आमच्या घरात पुन्हा कुणी ऐकला नाही.

औषधं केली, मूल झालं नाही. ते दुःख होतंच, खोटं कशाला बोलू? पण संसार हसतखेळत झाला. या गौरवग्रंथासाठी बाईंच्या विद्वत्तेवर थोर मंडळी लिहितील. मी काय लिहू, असं चंद्रकलेला विचारलं, तर ती म्हणाली, "लिहा, बाई व्हत्या म्हणून मी ह्या घरात हाय."

बाई, पंचाहत्तरी झाली, आता शंभरी गाठा. गुडघे सांभाळा, जेवण वेळेवर घ्या. सत्काराला आम्ही दोघंही येतोय.